मुलाचा मित्रच फोटोग्राफर, आणि कॅमेरा दिसला की मी ताठ

प्रश्न: मी देवगड तालुक्यातली, वय 46. घरच्या घरी कोकमं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आंबापोळी करते. इतके दिवस ओळखीपाळखीत विकत होते. आता मुलगा म्हणतो, लेबलवर आणि प्रदर्शनातल्या फ्लेक्सवर तुझा फोटो हवा. त्याचा एक मित्र लग्नांचे फोटो काढतो. तो मे महिन्यात येऊन समुद्रावर सूर्यास्ताच्या वेळी माझे फोटो काढणार, असं दोघांनी ठरवूनही टाकलंय. माझा एकटीचा फोटो आधारकार्डाशिवाय कुठे नाही. कॅमेरा समोर आला की खांदे वर जातात, हातांचं काय करावं कळत नाही. पुढचे दात वाकडे म्हणून ओठ मिटूनच असतात. चष्मा आहे, तोही उन्हात काळा होणारा. शिवाय गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात याच मुलाने न विचारता माझी हनुवटी धरून तोंड वळवलं होतं. त्याच्या मनात वाईट काही नसेल, पण मला ते आवडलं नाही. मुलाला म्हटलं, ‘माका ह्या जमाचा नाय,’ तर तो हसतो. काय करू?

उत्तर: आधी हनुवटीचं बोलू. बाकीचं सगळं तिथेच अडलंय.

लग्नाच्या स्टेजवर फोटोग्राफरला एकेका कुटुंबासाठी मिनिटभरही मिळत नाही. मागे रांग, समोर घाई. त्यामुळे माणसाला धरून, वळवून, सरकवून उभं करायची सवय हातांना लागते. हे त्याचं समर्थन नव्हे. मात्र ही सवय सांगितली की सुटते, म्हणून सांगायलाच हवं. कधी सांगायचं याला महत्त्व आहे. फोटोच्या दिवशी, कॅमेरा डोळ्याला लागल्यावर, तुमच्या तोंडून ते निघणार नाही. निघालं तरी तोही गोंधळेल आणि पुढचा अर्धा तास दोघंही अवघडलेले राहाल. चार-पाच दिवस आधी त्याला कॅमेऱ्याशिवाय चहाला बोलवा आणि सरळ सांगा: “अरे, मला बसवताना, वळवताना हात लावू नको. तू समोर उभा राहून करून दाखव, मी तसं करते. पदर, केस सारखे करायला माझी जाऊ असेल.” एवढं पुरे. गेल्या वर्षीचं उकरून काढायची गरज नाही आणि कारणंही द्यायची नाहीत. चांगल्या फोटोग्राफरला यात नवं काही वाटणार नाही. एकट्या माणसाचे फोटो काढणारे असंच काम करतात: समोर उभं राहून स्वतःची मान झुकवून दाखवतात आणि आपण आरशात बघावं तशी ती उचलतो.

हा निरोप मुलाकरवी पाठवू नका. दोघं मित्र आहेत, वाटेत त्याचा विनोद होईल. “काकी, एवढं काय त्यात?” असं तो म्हणाला तर तेच वाक्य एकदा पुन्हा, त्याच आवाजात म्हणा. तरीही हसण्यावारी नेलं तर दुसरा फोटोग्राफर बघा. मुलाचा मित्र असणं हा काही फोटो काढून घेण्याचा करार नाही. तालुक्यात एखादी बाई हे काम करत असेल तर तिच्याकडे जायलाही हरकत नाही. मात्र तिच्याशीही हेच बोलणं आधी करा, कारण घाईची सवय बायकांनाही असते.

त्याच चहाला आणखी काही गोष्टी उरकून घ्या. त्याला एकाच माणसाचे, एकाच दिवशी काढलेले सगळे फोटो दाखवायला सांगा. दहा लग्नांतले निवडक दहा कोणाचेही चांगले दिसतात. एका माणसाचे तीस बघितले की कळतं, याच्यासमोर माणसं सैल होतात की नाही. त्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचे चेहरे बघा. त्वचा गुळगुळीत, डोळ्यांखाली रेघ नाही, रंग दोन छटा उजळ असं दिसलं तर आत्ताच सांगा: गोरं करायचं नाही, सुरकुत्या पुसायच्या नाहीत, त्या दिवशी आलेला एखादा फोड काढलास तर चालेल. प्रदर्शनात गिऱ्हाईक आधी फ्लेक्सकडे आणि मग तुमच्याकडे बघणार आहे. दोन्हीकडे बाई एकच दिसली पाहिजे.

किती वेळ देणार, सोबत कोण येणार, तयार करून किती फोटो देणार, कधी देणार, हे विचारा आणि ठरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. पैसे द्या. मित्राची आई म्हणून तो नको म्हणेल, तरी द्या. फुकटच्या कामात ‘हा आवडला नाही, पुन्हा काढ’ म्हणायला जीभ रेटत नाही. पैसे देण्याचा आणखी एक फायदा आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे, कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा असतो, काढणाऱ्याचा नव्हे. म्हणजे तुमचा फोटो त्याने स्वतःच्या जाहिरातीला इन्स्टाग्रामवर टाकायचा तर तुमची परवानगी हवी. तुमची हरकत नसेल तर खुशाल द्या, पण कोणता फोटो ते तुम्ही सांगा.

आता सूर्यास्त. मुलाचा हिरमोड होईल, पण लेबलच्या फोटोसाठी ही वेळ सर्वांत गैरसोयीची आहे. आपला किनारा पश्चिमेकडे बघतो. संध्याकाळी समुद्र पाठीशी घेतलात तर सूर्यही पाठीशीच. आकाश लख्ख आणि चेहरा सावलीत. मग चेहरा उजळ घेतला तर आकाश पांढरंफटक होतं, आकाशाचे रंग राखले तर चेहरा काळवंडतो, आणि फ्लॅश मारला तर मे महिन्यातला घाम कपाळावर चमकतो. उलट सूर्याकडे तोंड केलंत तर डोळे बारीक होतात आणि चष्मा काळा पडतो. समुद्र हवाच असेल तर सकाळी जा. ऊन गावाच्या बाजूने येतं, समुद्र मागे ठेवूनही चेहऱ्यावर उजेड राहतो. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. त्यामुळे पावणेसात ते सव्वाआठ ही वेळ, त्यानंतर ऊन डोक्यावर चढून डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात.

पण तुमच्या कामाला समुद्र कशाला? पडवी आहे ना?

पडवीच्या कडेला, जिथे सावली संपून अंगणाचा उजेड सुरू होतो, तिथून दोनेक फूट आत, अंगणाकडे तोंड करून बसा. कौलांची पागोळी वरचं ऊन अडवते आणि समोरच्या मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. तोच डोळ्यांत ठिपक्यासारखा चमकतो. चार-पाच फुटांपेक्षा आत सरकलात की उजेड मरतो आणि डोळ्यांखालचं काळं उठून दिसतं. पडवी पूर्वेला असेल तर सकाळचं ऊन थेट आत येईल. तेव्हा मागल्या दारी बसा किंवा संध्याकाळी साडेचारनंतर बसा. पश्चिमेच्या पडवीला सकाळ चांगली. उत्तरेच्या पडवीला बहुतेक वेळा कधीही चालतं, मे महिन्यात सूर्य थोडा उत्तरेकडून जातो तेवढं बघून घ्या.

इथे रंगांची गडबड होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसते. मेमध्ये अंगणात हिरवी शेडनेट किंवा निळी ताडपत्री बांधलेली असते. तिच्याखाली वा तिच्याजवळ बसलात तर चेहरा हिरवट किंवा निळसर येतो. त्या दिवसापुरती सोडून ठेवा. जांभ्याचं किंवा लाल मातीचं अंगण हनुवटीखाली तांबूस छटा टाकतं. त्यावर उपाय म्हणून गुडघ्यांच्या पुढे, सावलीत, जुनी पांढरी चादर अंथरा. डोळ्यांखालचा काळोखही तिने कमी होतो. चादरीवर थेट ऊन मात्र पडू देऊ नका, नाहीतर उजेड खालून वर येतो आणि चेहरा भुतासारखा दिसतो. घरातले बल्ब, ट्यूब बंद करा. दिवसाच्या उजेडात त्यांचा रंग मिसळला की गालाची एक बाजू वेगळीच दिसते. आणि ‘कलमांच्या बागेत काढू’ असं कोणी सुचवेल. बागेत पानांतून येणारं कवडशांचं ऊन चेहऱ्यावर डाग पाडतं. जायचंच तर बागेच्या कडेला, अखंड सावलीत.

मागची भिंत पाच-सहा फूट दूर असू द्या. भिंतीवरचं कॅलेंडर, दांडीवरचे कपडे, गॅसचा सिलेंडर आदल्या दिवशी हलवा. त्या सकाळी आठवत नाही.

अंग आखडण्याचं एक मोठं कारण तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते असणारच: बघे. मे महिना, वाडीत चाकरमानी आलेले, पोरांना सुट्टी. कॅमेऱ्याची बॅग उघडली की अंगणात दहाजण गोळा होतात आणि प्रत्येकजण सांगतो, “हस गो जरा!” अशात अनुभवी नटही ताठ होईल. त्या दोन तासांत अंगणात तिघंच असावीत: तुम्ही, जाऊ आणि फोटोग्राफर. मुलाला कामाला पाठवा, बर्फ आणायला किंवा लेबलवाल्याकडे. आईला पोज देताना मुलगा बघतोय, हे ओझं काही कमी नसतं. शेजारचं कोणी पोज सुचवायला लागलं तर जावेने बोलायचं, तुम्ही नाही.

हातांचा प्रश्न तुमच्या बाबतीत सोपा आहे. मे म्हणजे रातांब्यांचे, कोकमाच्या फळांचे दिवस. एक टोपली रातांबे घ्या, मांडीशी परात ठेवा आणि नेहमीसारखे फोडायला बसा. पहिली पंधरा मिनिटं त्याने फक्त हात, परात, साली यांचेच फोटो काढावेत, चेहऱ्याकडे कॅमेरा वळवूच नये. हे त्याला आधी सांगून ठेवा. त्या वेळात कॅमेऱ्याच्या आवाजाची सवय होते आणि खांदे आपोआप खाली येतात. नंतर त्याने नाव घेऊन हाक मारावी आणि तुम्ही काम न थांबवता वर बघावं. वर बघितल्यानंतरचा पहिला क्षण बहुतेक वेळा सर्वांत खरा असतो. ‘वन, टू, थ्री’ मोजायला मनाई करा. तीनपर्यंत चेहरा गोठतो. रसाने लाल झालेली बोटं धुऊ नका. कोकमं करणाऱ्या बाईचे हात तसेच असतात, आणि लेबलला तेच शोभतं.

काम न करता, सरळ बसलेला एक फोटोही लागेल. पाठ टेकू नका, स्टुलाच्या किंवा बाकाच्या पुढच्या अर्ध्यावर बसा. खांदे थोडे एका बाजूला, तोंड कॅमेऱ्याकडे. मग कासव मान बाहेर काढतं तशी मान किंचित पुढे आणि हनुवटी जराशी खाली. आरशात बाजूने बघितलंत तर वेड्यासारखं वाटेल, समोरून मात्र जबड्याची रेघ स्वच्छ दिसते आणि दुहेरी हनुवटी नाहीशी होते. श्वास पूर्ण सोडा. फोटो श्वास सोडल्यानंतरचा. रिकामे हात मांडीवर ठेवायचे तर मूठ नको, बोटांच्या टोकांनी पदराची कड किंवा एखादी बाटली हलकी धरा. डोळे मिटत असतील तर आधी दोन सेकंद मुद्दाम मिटा, खाली बघा, मग उघडा. तो एकाच स्थितीत सात-आठ फोटो काढेल. ते तुमचं चुकतंय म्हणून नव्हे, पापण्यांचा हिशेब धरून.

दातांसाठी हसायचा प्रयत्न सोडा, बोला. आगळाला मीठ किती, साली रसात किती वेळा भिजवून वाळवता, हे जावेला सांगत राहा. वाक्य संपून ओठ मिटताना जे हसू उरतं ते त्याने टिपायचं. आणि लेबलवर चेहरा येणार दोन-अडीच सेंटीमीटरचा, त्यात दातांची ठेवण दिसत नाही. फ्लेक्ससाठी मिटल्या ओठांचा निवडा, प्रश्न मिटला.

मोबाइलमधला स्वतःचा चेहरा आवडत नसेल तर त्यावरून अंदाज बांधू नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. सहा-सात फुटांवरून, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 85 मिमी किंवा लहान सेन्सरवर 50 मिमी लेन्सने काढला की चेहरा प्रमाणात येतो. तो दीड-दोन फुटांवर येऊन चेहऱ्याचा फोटो काढायला लागला तर मागे सरकायला सांगा, यात संकोच नको. शिवाय आपण रोज आपला चेहरा आरशात, म्हणजे उलटा बघतो. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला गेल्यासारखा वाटतो आणि आपलाच चेहरा परका दिसतो. दुसऱ्यांना तो नेहमीचाच दिसतो.

चष्मा: उन्हात काळी होणारी काच सावलीतही पूर्ण साफ राहत नाही, कारण मोकळ्या आभाळातूनही तिला काळं करणारे अतिनील किरण येतात. जुना साध्या काचेचा चष्मा असेल तर तो शोधून ठेवा आणि त्या दिवशी घाला. नसेल तर चष्म्याच्या दुकानातून तशाच आकाराची रिकामी फ्रेम घ्या; काच नाही म्हणजे चमकही नाही. साध्या काचेवर आभाळ चमकलं तर काड्या कानांवरून किंचित वर उचला, काच खाली झुकते आणि चमक निघून जाते. काही फोटो चष्म्याशिवाय हवे असतील तर ते आधी काढा, आणि अर्धा तास अगोदर चष्मा उतरवा, म्हणजे नाकावरचे वळ जातात.

साडी सुती, मध्यम रंगाची. रातांब्यांच्या लाल-जांभळ्याशेजारी मोहरी किंवा गडद हिरवा छान उठतो. लाल साडी फळांशी भांडते, पोपटी वा फ्लोरोसंट रंग हनुवटीवर उतरतो. बारीक चौकडी नको, स्क्रीनवर ती लहरते. नवा ब्लाउज शिवलात तर आधी एकदा दिवसभर घालून बघा. काखेत घट्ट असेल तर कितीही समजावलं तरी खांदे सैल होणार नाहीत. केसांना तेल आदल्या दिवशी. पावडरीचे थर नकोत, घामात त्याचे राखाडी पट्टे होतात. मऊ सुती फडक्याने घाम टिपायचा, पुसायचा नाही. टिकली मध्यावर आहे का आणि मंगळसूत्राच्या वाट्या उलटल्या नाहीत ना, हे जावेने दर दहा मिनिटांनी बघायचं.

मुलाला समुद्र हवाच असेल तर तो दुसऱ्या संध्याकाळी, हौसेचा म्हणून करा. मग दिवस भरती-ओहोटी बघून ठरवा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हा जुना हिशेब तुम्हाला ठाऊक असेल. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे सूर्यास्ताला वाळू कमीच उरते. द्वितीयेला भरती दुपारी दीडला, म्हणजे साडेसातच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस म्हणूनच बरे: पाणी लांब जातं, वाळू ओली राहते आणि आकाश तिच्यात उतरतं. हिशेब तासभर इकडेतिकडे होतो, तेव्हा भरतीचं कोष्टक बघा किंवा बंदरावर विचारा. मेअखेर समुद्र खवळायला लागतो. शेवाळलेल्या खडकांवर चढून पोज द्यायची नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. त्याच्या गाडीत एसी असेल तर कॅमेऱ्याची बॅग बाहेर काढून अर्धा तास बंदच ठेवायला सांगा, नाहीतर दमट हवेत लेन्सवर वाफ धरते आणि चांगला उजेड ती पुसण्यात जातो. ड्रोन घरी राहू दे. चेहऱ्याच्या फोटोत त्याचं काही काम नाही.

चालू कामात सारखं कॅमेऱ्याच्या मागे जाऊन बघू नका, दर वेळी पुन्हा ताठ व्हाल. निम्म्यावर एकदा बघा, काय बदलायचं ते सांगा. निवड त्याच दिवशी नको. दोन दिवसांनी, जावेसोबत. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून मतदान घेतलंत तर मावशींना एक, भाच्यांना दुसरा आवडेल आणि शेवटी तुम्हाला न आवडलेला छापला जाईल.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून घेऊ नका. तो आकसतो आणि फ्लेक्सवर फुटतो. मूळ मापाची फाइल पेन ड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट म्हणून घ्या, आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि हे सगळं सुरू करण्याआधी लेबल छापणाऱ्याला एक फोन करा: फोटो उभा लागेल की आडवा, आणि नावासाठी डोक्याच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा हवी. ते फोटोग्राफरला चहाच्या वेळीच सांगायला हवं.